दुसरं पाणी

१

कुंडीतल्या जुनिपरच्या झाडाला पाणी दोनदा घालायचं असतं. पहिलं मातीला, दुसरं मुळांना. कोरडी माती पहिलं पाणी आत घेत नाही, कडेने सोडून देते. म्हणून एकदा घालायचं, झारी खाली ठेवायची, अर्धा कप चहा पिऊन होईल एवढं थांबायचं आणि मग पुन्हा घालायचं. हे मला चारुदत्तकाकांनी शिकवलं. शाळेत मला फारसं काही शिकता आलं नाही, पण हे आलं.

मी अकरावीत शाळा सोडली. कारण विचारलं तर आजही नीट सांगता येत नाही. वर्गात माझं नाव घेतलं की घसा मिटायचा. एके दिवशी स्कूलबसमधून उतरलो आणि आत न जाता चालत घरी आलो. आई लोकांना सांगते, "गॅप इयर घेतलाय त्याने." त्या इयरला आता सात वर्षं झाली.

काका मला एका गणपतीच्या कार्यक्रमात भेटले. मी दाराशी, लोकांच्या चपलांपाशी उभा होतो. तिथे कुणी बोलायला येत नाही.

"नाव काय रे?"

"परीक्षित."

"शाळा सोडलीस म्हणे."

"हो."

"नाव परीक्षित आणि परीक्षेला घाबरतोस!" ते मोठ्याने हसले, पण मला वाईट वाटलं नाही. "रविवारी घरी ये. माझ्याकडे एक जण आहे, तोही बोलत नाही. जमेल तुमचं."

तो एक जण म्हणजे त्यांचं बॉन्साय. दोन वीत उंचीचं जुनिपर. काकांनी ते चाळीस वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या माळ्याकडून घेतलं तेव्हाच ते काकांच्या वयाचं होतं. त्याचं अर्धं खोड मेलेलं, हाडासारखं पांढरं. त्याला बिलगून बोटभर रुंदीची एक तांबूस जिवंत पट्टी वर जाते आणि सगळी हिरवी पालवी त्या एका पट्टीवर जगते. काका म्हणायचे, "अर्धा गेलाय, अर्धा आहे. आणि दोघांचं भांडण नाही. असं कुठे बघितलंयस?"

मॉरिसव्हिलमधल्या त्यांच्या घरी मी दर रविवारी जाऊ लागलो. पुढे त्यांच्याच ओळखीने मला झाडांच्या एका नर्सरीत काम मिळालं.

२

निघताना मी म्हणायचो, "येतो, काका."

घरामागच्या लाकडी डेकवरच्या त्यांच्या खुर्चीतून ते म्हणायचे, "ये. मी कुठे जातोय!"

दर रविवारी हेच, सहा वर्षं. एकदा घाईत मी "जातो" म्हणालो, तर त्यांनी मला फाटकापासून परत बोलावलं. "जातो नाही म्हणायचं. जाणाऱ्यानेसुद्धा येतो म्हणायचं असतं. हॉस्पिटलात मी पेशंटला भूल देताना काय सांगायचो माहीत आहे? झोप नाही म्हणायचो. म्हणायचो, लगेच परत ये."

काका गेल्या ऑक्टोबरमध्ये गेले. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या. सुहासिनीकाकू आतून चहा घेऊन आल्या तेव्हा झारी त्यांच्या पायाशी उभी होती, अर्धी भरलेली. पहिलं पाणी घालून झालं होतं, दुसरं राहिलं होतं.

तेराव्या दिवशी घरात माणसं होती. जेवणं झाल्यावर एकेक जण काही न बोलता उठून गेला. अशा घरातून निघताना येतो म्हणत नाहीत, हे मलाही माहीत आहे. पण मी झाड बघायला डेकवर गेलो, वळलो, समोर खुर्ची होती, आणि तोंडातून सवयीने निघून गेलं, "येतो, काका."

दारात उल्कामावशी उभ्या होत्या, शेजारच्या. त्यांनी तोंडाला हात लावला. काकांची मुलगी वैदेही म्हणाली, "परीक्षित! असं बोलायचं नसतं, यार." माझे कान तापले. काकू तेवढ्या शांत होत्या. "राहू दे गं," त्या म्हणाल्या. "सवय आहे त्याची."

म्हटलं होतं म्हणून मी पुढच्या रविवारीही गेलो. आणि निघताना, कुणी ऐकत नाही हे बघून, पुन्हा तेच म्हणालो. असा सगळा हिवाळा गेला.

३

मार्चमध्ये घर विकलं गेलं. काकू वैदेहीकडे सनीव्हेलला, देशाच्या दुसऱ्या टोकाला, राहायला जाणार होत्या. रविवारी सकाळचं विमान, सोमवारी किल्ल्या नव्या माणसांच्या हातात.

झाड त्यांच्याबरोबर जाऊ शकत नव्हतं. वैदेहीच्या अपार्टमेंटला ऊन येत नाही आणि जुनिपर सावलीत मरतं. गुरुवारी काकूंनी स्वयंपाकघरातून मला फोन केला. "तूच ने बाळा. पण त्या कुंडीला तडा गेलाय रे."

तडा मी पाहिला होता. जानेवारीच्या बर्फात काठापासून तळापर्यंत गेला होता. गाडीत पहिल्याच खड्ड्याला कुंडी उघडली असती. शिवाय पाच वर्षं झाली होती, मुळांना आत जागा उरली नव्हती. कुंडी बदलायलाच हवी होती आणि ती शनिवारीच बदलायला हवी होती.

मी त्या झाडाची मुळं कधी कापली नव्हती. गेल्या वेळी काकांनी कापली आणि मी फक्त तारा बांधल्या.

जुनिपरचं एक वाईट आहे. ते मेलं तरी कळत नाही. मुळं चुकीची कापली तर दुसऱ्या झाडाची पानं आठवड्यात गळतात. जुनिपर दोन-दोन महिने हिरवंगार उभं राहतं. तुम्ही पाणी घालत राहता, बोलत राहता, आणि ते केव्हाच गेलेलं असतं. काका म्हणायचे, "माझ्या धंद्यात नाडी तरी लागायची. ह्याची कुठे बघू?"

दोन रात्री मला नीट झोप आली नाही. ते झाड माझ्या हातून गेलं असतं तर काकूंना काय सांगणार होतो? आणि सांगायला मला तरी कधी कळलं असतं?

४

शनिवारी दहाला पोचलो. वैदेही मास्क लावून खोक्यांना चिकटपट्टी मारत होती. बाहेर पोलन, म्हणजे हवेत परागकण उडणं, सुरू झालं होतं. इकडे पाइनची झाडं फुलतात तेव्हा आठ-दहा दिवस सगळ्या जगावर हळद पडल्यासारखी दिसते. गाड्या, पायऱ्या, पत्रपेट्या, सगळं पिवळं.

"मी त्या डेकवर पाय ठेवणार नाही," वैदेही म्हणाली. "शिंकून मरेन. आणि ऐक, बाबांनी माझ्या ग्रॅज्युएशनला अर्धा दिवस रजा घेतली होती. ह्या झाडाची कुंडी बदलायला पूर्ण दिवस घ्यायचे. सांग त्याला, मी विसरले नाहीये."

"सांगतो," मी म्हणालो. ती हसली. तिचे डोळे सुजले होते. पोलनने असेल.

डेकवर छपराखाली झाडाचं बाक होतं. तिथे पाऊस पोचत नाही. मी सहा दिवसांपूर्वी पाणी घातलं होतं आणि मधे ऊन चांगलं पडलं होतं, म्हणून माती भुगा झालेली असणार हे धरूनच आलो होतो. कुंडीत ओल बघायला काका एक चॉपस्टिक खोचून ठेवायचे. ती मी उपसून पाहिली.

खालची तीन बोटं ओलसर होती. ओली नाही, ओलसर. कुंडी बदलायच्या आधी दोन दिवस पाणी तोडलं की माती जशी होते, अगदी तशी.

मी विचार केला. काकूंनी घातलं असेल. पण काकूंचे गुडघे असे की डेकची एक पायरी त्या महिनोन् महिने उतरलेल्या नाहीत. वैदेही बुधवारी आली, आणि ती तर बाहेरच येत नाही. शिवाय आज कुंडी बदलणार हे गुरुवारी ठरलं. गुरुवारपासून पाणी तोडायचं, हे या घरात कुणाला माहीत होतं?

झारी खिळ्याला लटकत होती. तिच्यावर पोलनचा थर होता, तोटीवर, पोटावर, सगळीकडे. मूठ तेवढी स्वच्छ होती.

मग मी खुर्चीकडे पाहिलं, आणि पाहायला नको होतं असं वाटलं. खुर्ची उघड्यावर होती. पाय पिवळे, हात पिवळे, पाठीची वरची पट्टी पिवळी. बसायची जागा आणि पाठ टेकायची जागा मात्र साफ. तिथे पोलन पुसलेलं नव्हतं. पडलंच नव्हतं.

मांजर बसत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मांजर पाठ टेकून बसत नाही, हे मी स्वतःला सांगितलं नाही.

५

काम सुरू केलं की माझी भीती कमी होते. खालच्या जुन्या तारा कापल्या, कडेने पातं फिरवलं, आणि झाड मुळांच्या ढेपेसकट वर उचललं. कुंडीचे दोन तुकडे बाकावर पडले. मुळांत पांढरी बुरशी जाळ्यासारखी पसरली होती. ती चांगली असते, मुळांना जेवू घालते. तिला अळंबीसारखा वास येतो. त्या वासाबरोबर मला काकांचा शर्ट आठवला.

मी चॉपस्टिकने माती उकलत गेलो. अर्धी जुनी माती तशीच ठेवायची, जुनिपर पूर्ण उघडं करायचं नाही. मग कात्री. पहिल्या जाड मुळाशी कात्री नेऊन थांबलो. काका म्हणायचे, "पेशंटला कळता कामा नये." मी श्वास सोडला आणि कापलं. मग दुसरं. तिसरं.

नवी कुंडी काकांनीच आणून गराजमध्ये ठेवली होती. तिच्या भोकांवर जाळी बसवली, खालून चार तारा वर काढल्या, मातीचा उंचवटा केला आणि झाड त्यावर ठेवलं. आता तारांनी मुळांची ढेप कुंडीला घट्ट बांधायची. झाड हलायला लागलं तर नवी कोवळी मुळं तुटतात आणि मग काही करता येत नाही. हे काम दोघांचं. एकाने खोड बरोबर कोनात धरायचं, दुसऱ्याने पक्कड घेऊन तारांना पीळ घालायचा. आमचं ठरलेलं होतं. धरणारे काका, बांधणारा मी.

मी डाव्या हाताने खोड धरून उजव्याने पीळ घालायला लागलो. पक्कड घसरली. पुन्हा घसरली. मग मागचं जाळीचं दार सरकल्याचा आवाज आला आणि बाकापलीकडे कुणीतरी येऊन उभं राहिलं. मला हायसं वाटलं. काकू आल्या, त्या गुडघ्यांनी. मी मान वर न करता डावा हात सोडला, दोन्ही हातांनी पक्कड धरली.

"काकू, थोडं डावीकडे."

झाड डावीकडे झुकलं.

"अजून थोडं. बस."

थांबलं. मी पहिली तार आवळली. मी पीळ घालायचो तेव्हा पलीकडून एक श्वास सुटायचा, सावकाश, मोजून. पुन्हा पीळ, पुन्हा श्वास. दुसरी तार झाली.

"परीक्षित, चहा टाकू का रे?"

काकूंचा आवाज स्वयंपाकघरातून आला. माझ्या मागून, भिंतीपलीकडून.

पक्कड माझ्या दोन्ही हातांत होती. झाड सरळ उभं होतं. पालवीच्या फटीतून मला पांढऱ्या खोडावर दोन बोटं दिसत होती. नखांच्या कडेला माती भरलेली.

माझा घसा मिटला, शाळेत मिटायचा तसा. वर बघावंसं वाटलं आणि बघवेना. पण त्याहून एक साधी गोष्ट डोक्यात होती. दोन तारा राहिल्या होत्या. आता तो हात सुटला असता तर झाड कलंडलं असतं आणि ताजी कापलेली मुळं उचकटली असती.

"थोड्या वेळाने, काकू," मी म्हणालो. आवाज निघाला, मला आश्चर्य वाटलं. "दोन तारा राहिल्यात."

मी तिसरी तार धरली. पीळ. श्वास. चौथी. माझ्या हातावर घाम टपकत होता. त्या बोटांकडे मी पुन्हा पाहिलं नाही. मला वाटलं, लाजणाऱ्या माणसाकडे असं बघत राहू नये. मला कुणी बघत राहिलेलं आवडत नाही.

"झालं," मी म्हणालो.

झाडावरचा भार निघाल्यासारखा वाटला. मी खोड धरून हलवून पाहिलं. कुंडी हलली, झाड हललं नाही. मग मान वर केली. कुणी नव्हतं. बाकाच्या पलीकडच्या काठावरचं पोलन पुसलं गेलं होतं, बरोबर तेवढ्या रुंदीत, जिथे काका पोट टेकवून उभे राहायचे.

६

काकूंनी चहा दारातूनच दिला. त्यांनी झाड पाहिलं आणि मग बाकाचा तो काठ पाहिला.

"जमलं?"

"दोन महिन्यांनी कळेल, काकू."

"यांचंही तसंच असायचं. पेशंट शुद्धीवर येऊन स्वतःचं नाव सांगेपर्यंत घरी यायचे नाहीत. जेवण गार."

मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "काकू, झाडाला पाणी तुम्ही घालत होतात का?"

"मी? हे असे गुडघे माझे!" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तूच घालायचास ना? रोज सकाळी सातला आवाज यायचा. एकदा घालायचास, मग थांबायचास, मग पुन्हा. मी म्हणायचे, लाजरा आहे मुलगा, बेल न वाजवता पाणी घालून जातो."

मी रोज साडेसहाला नर्सरीत असतो. त्यांच्या घरापासून वीस मैलांवर.

"हो काकू," मी म्हणालो. "मीच."

त्यांनी माझ्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "चहा गार होतोय."

झाड मी गाडीत मागच्या सीटसमोर खाली ठेवलं, चारी बाजूंनी टॉवेल कोंबले. काकूंच्या पाया पडलो. "सनीव्हेलला ये," त्या म्हणाल्या. त्यांना "येतो" म्हणणं सोपं होतं. त्यांच्याकडे मी खरंच जाणार होतो.

झारी घ्यायला परत डेकवर गेलो. खुर्ची तशीच होती. आता काय म्हणायचं? सोमवारी इथे दुसरी माणसं येणार होती. येतो म्हणालो असतो तर कुणीतरी परक्यांच्या घरात माझी वाट बघत बसलं असतं. आणि जातो म्हणायचं नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. न बोलता निघावं, तर सहा वर्षांत तसा कधी निघालो नव्हतो.

मी झारी उचलली, आणि उठताना कुणीही म्हणतं तसं माझ्या तोंडून निघालं, "चला, काका."

गाडी सुरू केली. गल्लीच्या टोकाला पोचलो नाही तोच घंटी वाजायला लागली. शेजारच्या सीटचा पट्टा लावला नसला की वाजते ती. त्या सीटवर काही नव्हतं. झारी मागे, झाड मागे, माझं जॅकेटसुद्धा मागे. आणि ती घंटी सीटवर वजन असल्याशिवाय वाजत नाही.

मी गाडी कडेला घेतली. बराच वेळ समोर बघत बसलो. घंटी वाजतच होती, वाट बघत असल्यासारखी. शेवटी मी हात लांब केला, कुणाला धक्का लागू नये असा, पट्टा ओढून घेतला आणि खटक्यात बसवला.

घंटी थांबली. मी ताशी वीस मैलांनी घरी आलो. नुकती कुंडी बदललेलं झाड हलवायचं नसतं.

७

आता जून आहे. झाड माझ्या भाड्याच्या खोलीमागच्या ओट्यावर आहे. हिरवं आहे. गेल्या आठवड्यात टोकांना नवी, फिकट पालवी दिसली. मी ती दोनदा हात लावून पाहिली. मेलेलं झाड तेवढं करू शकत नाही.

आज रविवार. सकाळी सातला काकूंचा फोन आला. तिकडे पहाटेचे चार.

"काकू, इतक्या लवकर?"

"झोप कुठे लागते रे. आणि हीच वेळ ना? झाड कसं आहे?"

"जगलं, काकू. नवी पालवी आली."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "तुला खोटं बोलता येत नाही, परीक्षित. कान लाल होतात तुझे. त्या दिवशीही झाले होते."

माझा हात कानाकडे गेला.

"इथे सकाळी काही आवाज येत नाही. पहिले काही दिवस मी उठून बसायचे, ऐकत. मग आठवलं, तू निघताना चला म्हणाला होतास. मी दारातच होते."

"चुकून निघालं, काकू. मला..."

"मला नाही सुचलं ते. बेचाळीस वर्षं संसार केला." त्या थोडं हसल्या. "सुचलं असतं तरी म्हणाले नसते. वैदेहीकडे ऊन कुठंय?"

खोलीचं मागचं दार उघडं होतं. मी उत्तर द्यायला हवं होतं, पण माझं लक्ष बाहेर होतं.

"अरे, बोल की. काय ऐकतोयस?"

"काही नाही," मी म्हणालो. आणि मग, कान लाल होण्याआधीच, खरं सांगितलं. "पहिलं पाणी झालंय. दुसरं व्हायचंय."

काकू एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "फोन जरा दाराबाहेर धर."

मी दारात गेलो, हात लांब केला आणि फोन बाहेर धरला. स्वतः बाहेर पाहिलं नाही. अर्धा कप चहा पिऊन होईल एवढा वेळ आम्ही दोघं थांबलो.